निःस्पृह परीक्षक : प्रोफेसर रिचर्ड फाइनमन

परीक्षा घेणारा मनुष्य कोणास फारसा आवडत नाही. शाळेत आवडत नाही, बाजारात आवडत नाही आणि कारखान्यात तर मुळीच आवडत नाही. तथापि ज्या कामावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात, ते काम करणाऱ्यानेच तपासावे आणि त्यानेच ते बरोबर असल्याचा दाखला द्यावा, ही रीत शहाण्या समाजाने फार काळ चालू दिलेली नाही. आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. दौंड जंक्शनातून रोज कितीतरी गाड्या जातात. नवा लोहमार्ग घातला म्हणजे त्यावरून उतारूंची गाडी सोडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्ताने तो मार्ग पाहून मान्यता द्यावी लागते. आणि हा अधिकारी रेल्वे बोर्डाच्या हाताखालचा नसतो. १९४१ साली ही तपासणी रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढून निराळ्या खात्याकडे देण्यात आली व पुढे ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आली. मार्ग बांधणारा एक, तपासणारा दुसरा, आणि दुसऱ्याची बढती पहिल्याच्या हाती नाही, हे त्या व्यवस्थेचे मर्म होय.

आकाशयानाच्या बाबतीत तर हे मर्म अधिकच महत्त्वाचे ठरते. यानाचे सुकाणू संगणकाच्या स्वाधीन असते. संगणकाने कोणत्या क्षणी काय करावे, हे क्रमवार लिहून दिलेल्या आज्ञांच्या संग्रहास आज्ञावली अथवा सॉफ्टवेअर म्हणतात. लोखंडास तडा गेला तर तो भिंगाने दिसतो. आज्ञावलीतील चूक डोळ्यांस दिसत नाही. ती महिनोन् महिने निपचित पडून राहते आणि विशिष्ट प्रसंग उद्भवताच एका क्षणात घात करते. म्हणून ती लिहिणारांहून वेगळ्या, स्वतंत्र मंडळीने ती कसोशीने तपासली पाहिजे. अमेरिकेच्या एका भीषण अपघातानंतर या तपासणीची स्वतः जाऊन पाहणी करून, तीत चांगले काय व धोका कोठे हे जगास स्पष्टपणे सांगणारे थोर पुरुष म्हणजे प्रोफेसर रिचर्ड फाइनमन. त्यांचे अल्पचरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

रिचर्ड फाइनमन यांचा जन्म ११ मे १९१८ रोजी न्यूयॉर्क शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे नाव मेलव्हिल व आईचे ल्युसील. वडिलांचा व्यवसाय गणवेशांच्या विक्रीचा. घरची स्थिती साधारण. परंतु पुत्राने शास्त्रज्ञ व्हावे अशी वडिलांची फार इच्छा होती. ते मुलास रानात फिरावयास नेत आणि त्याच्या ध्यानी आणून देत की, एखाद्या पक्ष्याचे नाव दहा भाषांत पाठ झाले तरी त्या पक्ष्याविषयी आपणांस काहीच ज्ञान झालेले नसते. तो काय करतो, पिसे चोचीने का साफ करतो, हे पाहिले तरच काही कळले असे म्हणता येते. गणवेश विकणाऱ्या या गृहस्थाने मुलास आणखी एक गोष्ट शिकविली. मोठ्या अधिकाऱ्याच्या व सामान्य माणसाच्या अंगी जो फरक दिसतो, तो पुष्कळदा कपड्यांचाच असतो. पुढे मोठमोठ्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न विचारताना फाइनमन यांची जीभ कधी अडखळली नाही, याचे बीज या बाळकडूत आहे.

लहानपणी ते घरच्या घरी प्रयोग करीत. आर्थिक मंदीच्या दिवसांत शेजाऱ्यांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करून देण्याचा त्यांस नाद लागला. यंत्र उघडून उगाच चाचपडत बसण्याऐवजी ते प्रथम येरझारा घालीत विचार करीत की, बिघाड नेमका असाच का दिसतो. आणि विचाराअंतीच हात घालीत. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९३९ साली ते पदवीधर झाले आणि प्रिन्स्टन विद्यापीठातून १९४२ साली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्याच वर्षी त्यांनी आर्लिन ग्रीनबॉम या आपल्या बालमैत्रिणीशी विवाह केला. तिला क्षयरोग जडला होता व त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. हे पुरते ठाऊक असता व घरच्या मंडळींचा विरोध असता त्यांनी दिलेला शब्द पाळला. तीन वर्षांनी, जून १९४५ मध्ये, ती निवर्तली.

महायुद्धाच्या काळात लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. या कामाविषयी त्यांचे मन पुढे फार उद्विग्न झाले, हे सांगितले पाहिजे. परंतु तेथील दोन गोष्टी आपल्या विषयाशी निगडित आहेत. पहिली गोष्ट आकडेमोडीची. पत्रे टोचून हिशेब करणारी यंत्रे मागविली होती, पण ती येण्यास अवकाश होता. तेव्हा एका खोलीत हिशेबनीस मुलींना ओळीने बसविण्यात आले. प्रत्येकीकडे एक हातयंत्र व एकच क्रिया. एकीने गुणाकार करून पत्र पुढे द्यावे, दुसरीने बेरीज करून तिसरीकडे सरकवावे. यंत्राने जे करावयाचे ते माणसांकडून आधी करवून घेतल्यामुळे, आखलेल्या क्रमात कोठे चूक आहे हे यंत्र येण्यापूर्वीच उमगले. आज आज्ञावलीची चाचणी म्हणून जे करतात, त्याचेच हे एक आरंभीचे रूप होय.

दुसरी गोष्ट ओक रिज येथील कारखान्याची. तेथे युरेनियम शुद्ध होत असे. ठराविक प्रमाणाबाहेर ते एके ठिकाणी साठले, अथवा त्याच्या द्रावणात पाण्याचा संयोग झाला, तर अनर्थ ओढवण्याचा संभव होता. परंतु गुप्ततेच्या अतिरेकामुळे तेथील कामगारांस व बांधणी करणाऱ्यांस आपण काय हाताळीत आहो हेच सांगितलेले नव्हते. फाइनमन यांस तपासणीस पाठविण्यात आले तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. त्यांनी तेथील सेनाधिकाऱ्यांस स्पष्ट बजावले की, धोका कशात आहे हे काम करणारांस समजावून दिल्याखेरीज सुरक्षिततेची हमी कोणीही घेऊ शकणार नाही. अधिकाऱ्यांनी विचार करून परवानगी दिली. मग फाइनमन यांनी त्या लोकांस शास्त्रातील तत्त्वे शिकविली आणि त्यांनी स्वतःच पुष्कळ सुधारणा शोधून काढल्या.

युद्धानंतर ते प्रथम कॉर्नेल विद्यापीठात व १९५० पासून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक झाले. प्रकाश आणि विद्युत्कण यांच्या परस्पर व्यवहाराचे गणित त्यांनी नव्या व सुटसुटीत रीतीने मांडले. त्यांनी योजलेल्या साध्या रेखाकृती आज जगभरच्या विद्यापीठांत त्यांच्याच नावाने शिकवितात. या कार्याबद्दल १९६५ साली ज्युलियन श्विंगर व जपानचे सिनइतिरो तोमोनागा यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षक म्हणूनही त्यांची कीर्ती मोठी आहे. ब्राझील देशात शिकवीत असता त्यांस असे आढळून आले की, तेथील विद्यार्थी व्याख्या घडघडा म्हणून दाखवितात, परंतु समोरच्या समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश पाहून तोच नियम तेथे लागू आहे हे त्यांस सुचत नाही. हे त्यांनी तेथील विद्वानांच्या सभेत सर्वांसमक्ष सांगितले. पुढे १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्निया राज्याची शालेय पुस्तके पसंत करण्याच्या समितीवर त्यांस घेतले. तेव्हा पुस्तकांचे ढीगच्या ढीग त्यांनी स्वतः वाचून काढले. त्यांत एका मालेचे एक पुस्तक वेळेवर छापून न झाल्यामुळे आत नुसती कोरी पाने बांधून पाठविलेले होते. आणि नवलाची गोष्ट अशी की, काही परीक्षकांनी त्या कोऱ्या पुस्तकासही गुण दिलेले होते! न पाहता दिलेला अभिप्राय हा अभिप्राय नव्हेच, हा धडा त्यांस तेथे मिळाला.

आता त्यांच्या आयुष्यातील अखेरच्या व आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे वळू. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ नावाचे अमेरिकेचे अवकाशयान उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत आकाशात भग्न झाले आणि आतील सातही जण मृत्युमुखी पडले. स्पेस शटल वर्गातील यानांचे हे २५ वे उड्डाण होते. या सातांत क्रिस्टा मकॉलिफ नावाची एक शाळाशिक्षिका होती व ती अवकाशातून मुलांस धडे देणार होती. त्यामुळे देशभरातील शाळकरी मुले हे उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहत बसली होती. त्या कोवळ्या जिवांनी काय पाहिले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या अपघाताच्या चौकशीसाठी राष्ट्राध्यक्षांनी विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग व अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड हेही त्यात होते. फाइनमन यांस बोलावणे आले तेव्हा त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. कर्करोगाने त्यांस ग्रासले होते व मोठ्या शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. सरकारी कामाचा त्यांस पहिल्यापासून तिटकारा. परंतु त्यांच्या पत्नी ग्वेनेथ यांनी त्यांस पटवून दिले की, इतर सभासद एकत्र मिळून एकेका ठिकाणी जातील, आणि हे मात्र एकटे सगळीकडे हिंडून दुसऱ्या कोणास न दिसणारे काही शोधून काढतील. झालेही तसेच.

अपघाताचे प्रत्यक्ष कारण यानाच्या बाजूच्या अग्निबाणाच्या सांध्यात बसविलेली रबराची कडी हे होते. उड्डाणाच्या सकाळी थंडी कडाक्याची होती. पारा सुमारे २ अंश सेल्सिअसवर होता. थंडीने रबर ताठरले, सांध्याची फट लवकर बंद झाली नाही आणि जळता वायू बाहेर पडला. ११ फेब्रुवारीच्या जाहीर बैठकीत फाइनमन यांनी त्या रबराचा एक तुकडा चापात आवळून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडविला, काही वेळाने काढून चाप सोडला आणि तो तुकडा लगेच पूर्ववत फुगत नाही हे सर्वांच्या डोळ्यांपुढे दाखविले. हा साधा प्रयोग जगभर गाजला.

परंतु आदल्या रात्रीची हकीकत त्याहून अधिक विचार करण्याजोगी आहे. अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी त्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत, एवढ्या थंडीत उड्डाण करू नये, असे आग्रहाने सांगितले होते. वरिष्ठांनी ते मानले नाही. आणि आयोगास असे आढळले की, सुरक्षा खात्याच्या एकाही प्रतिनिधीस त्या बैठकीस बोलावण्याचे कोणास सुचलेदेखील नव्हते! काही केंद्रांत तर सुरक्षा पाहणारे लोक, ज्यांचे काम तपासावयाचे त्याच खात्यांच्या हुकुमतीखाली बसविलेले होते. ज्याचे मीठ खावे त्याचेच दोष काढावे, ही अपेक्षा थोड्याच लोकांकडून पुरी होते.

फाइनमन यांनी चौकशी येथेच थांबविली नाही. रबराची कडी फसली. तर मग यानाच्या इतर भागांची काय अवस्था आहे, असा प्रश्न त्यांनी स्वतःस केला. मुख्य यंत्रे पाहिली आणि मग ह्यूस्टन येथे जाऊन संगणकांची व्यवस्था पाहिली. तिचे वर्णन थोडे विस्ताराने करणे अवश्य आहे.

यानात चार संगणक एकाच वेळी एकच आज्ञावली चालवीत असत. एकाचे उत्तर इतरांशी न जुळले तर उरलेल्या तिघांचे मत ग्राह्य धरून त्या एकास बाजूस सारीत. यामुळे यंत्रातील बिघाडापासून रक्षण होई. परंतु चौघांजवळ एकच आज्ञावली असल्याने, तीतच चूक असली तर चौघेही एकमताने चुकणार. एकाच पाटीवरून चार मुलांनी उत्तर उतरून घेतले, तर त्यांची उत्तरे जुळली यावरून गणित बरोबर ठरत नाही. म्हणून उड्डाण व अवतरण यांपुरती, अन्य मंडळीने स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावली भरलेला पाचवा संगणक वेगळा ठेवलेला असे.

मुख्य आज्ञावली अडीच लक्षांहून अधिक ओळींची होती. ती तपासण्याची पद्धत अशी : प्रथम प्रत्येक नवी ओळ तपासावयाची, मग ओळींचे गट, मग गटांचे गट, असे करीत अखेर संपूर्ण आज्ञावली सिद्ध करावयाची. येथवरचे काम लिहिणाऱ्या मंडळीचे. नंतर ती एका स्वतंत्र तपासनीस मंडळीच्या हाती जाई. ही मंडळी लिहिणारांच्या स्नेह्याच्या भूमिकेत नसून प्रतिपक्षाच्या भूमिकेत असे. बाजारातून विकत घेतलेली वस्तू चिकित्सक गिऱ्हाईक जशी उलटसुलट करून पाहते, तशी ती आज्ञावली पारखीत असे. या पायरीवर एखादी चूक सापडली तर ती केवळ दुरुस्त करून भागत नसे. ती मुळात कशी शिरली, आधीच्या पायऱ्यांतून कशी निसटली, याचा कसून शोध घेतला जाई, जेणेकरून तशी चूक पुन्हा होऊ नये. आणि अशा अनपेक्षित चुका त्या सर्व वर्षांत मिळून सुमारे सहाच सापडल्या होत्या!

फाइनमन यांस यातील तत्त्व फार मोलाचे वाटले. तपासनीसांची परीक्षा हे जणू प्रत्यक्ष उड्डाणच आहे, असे समजून हे लोक वागत. तेथे चूक निघणे म्हणजे जणू यान पडणेच. फरक इतकाच की, या पडण्यात कोणाचा प्राण जात नाही. रबराच्या कडीच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडले होते. पूर्वीच्या उड्डाणांत कडी जळाल्याच्या खुणा दिसल्या होत्या. परंतु यान सुखरूप परत आले, मग चिंतेचे कारण नाही, असा समज करून घेतला गेला. एकाच संस्थेत एका दालनात लहान चुकीसही मोठा मान मिळत होता आणि दुसऱ्या दालनात मोठी खूणही दुर्लक्षिली जात होती.

दोष काढावयास निघालेल्या या परीक्षकाने आज्ञावलीच्या विभागाची मोकळ्या मनाने प्रशंसा केली, हा त्यांच्या निःपक्षपाताचा पुरावा होय. परंतु तेथेही त्यांनी एक इशारा दिला. इतकी वर्षे चुका निघालेल्या नाहीत, मग या खर्चिक चाचण्या कमी कराव्यात, असे वरिष्ठांपैकी काहींच्या मनात येऊ लागले होते. फाइनमन यांनी सांगितले की, हा विचार हाणून पाडला पाहिजे. एका ठिकाणी केलेला लहानसा बदल दुसऱ्याच ठिकाणी कसा बाधेल हे आधी कळत नाही. खर्च वाचवावयाचाच असेल तर वारंवार सुचविले जाणारे फेरबदल कमी करावे. तपासणीचा कस कमी करू नये.

आणखी एक प्रसंग त्यांच्या पद्धतीचा द्योतक आहे. यानाचे यंत्र बंद पडण्याचा संभव किती, हे त्यांनी काही अभियंत्यांस व त्यांच्या वरिष्ठास एकाच खोलीत विचारले; परंतु तोंडी उत्तर न घेता प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहून द्यावे असे सुचविले, म्हणजे एकाच्या मताचा दाब दुसऱ्यावर पडू नये. अभियंत्यांचे आकडे दोनशेत एक, तीनशेत एक अशा मापाचे निघाले; वरिष्ठांच्या मते तो संभव लाखात एक. लाखात एक म्हणजे रोज एक याप्रमाणे सुमारे तीनशे वर्षे याने उडविली तर एखादेच पडावयाचे! ज्यांचे हात यंत्रास लागत होते त्यांस धोका दिसत होता. जे कचेरीत बसत त्यांस तो दिसत नव्हता.

हे सर्व त्यांनी एका निराळ्या टिपणात लिहिले. ते मुख्य अहवालात घेण्यास अडचणी येऊ लागल्या. तेव्हा फाइनमन यांनी कळविले की, आपले टिपण फेरफार न करता छापले जाणार नसेल तर अहवालावर आपले नाव राहणार नाही. अखेर जून १९८६ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला व ते टिपण परिशिष्टरूपाने त्यास जोडले गेले. येथे आपणां महाराष्ट्रीयांस पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नारायणरावांच्या खुनाच्या प्रकरणी राघोबादादांस, ते सत्तेवर असता, दोषी ठरविण्यास शास्त्रीबुवा कचरले नाहीत आणि पद सोडून निघून गेले. देश, काळ व धर्म वेगळे. परंतु नेमणूक करणाऱ्याची मर्जी व सत्य यांत निवड करण्याची वेळ आली असता दोघांनीही एकच वाट धरली.

या श्रमांनंतर फाइनमन फार दिवस जगले नाहीत. १५ फेब्रुवारी १९८८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे देहावसान झाले. ते सर्वस्वी निर्दोष होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या स्वभावात थोडी प्रौढी होती आणि स्त्रियांविषयीचे त्यांचे काही वर्तन आज कोणीही योग्य म्हणणार नाही. ते कोणत्याही धर्ममतास मानीत नसत, हेही आपण लपवू नये. परंतु खोटे वजन व खोटे माप यांचा तिटकारा ज्या प्राचीन शास्त्राने शिकविला, ते प्रथम त्यांच्याच पूर्वजांच्या हाती सोपविलेले होते. आणि मापाच्या बाबतीत हा पुरुष आपल्यासारख्या श्रद्धावंतांस लाजवील इतका काटेकोर होता.

त्यांच्या आयोगाच्या श्रमांचे फळ काय झाले? आयोगाच्या शिफारशीप्रमाणे नासा या संस्थेत सुरक्षिततेचे एक स्वतंत्र कार्यालय थेट प्रमुखाच्या हाताखाली स्थापन झाले. आयोगाचा अहवाल व अन्य तज्ज्ञांच्या सूचना यांस अनुसरून १९९३ साली वेस्ट व्हर्जिनियातील फेअरमाँट येथे आज्ञावलींच्या स्वतंत्र पडताळणीचे केंद्र उभे राहिले. २०१९ साली त्यास कॅथरीन जॉन्सन यांचे नाव देण्यात आले. १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, तेव्हा संगणकाने काढलेले आकडे या बाईंनी हातयंत्रावर पुन्हा करून पाहिले होते व ते जुळल्यावरच ग्लेन यानात बसले. फाइनमन यांच्याच साली जन्मलेली ही कृष्णवर्णी विदुषी १०१ वर्षे जगून २०२० साली निवर्तली.

तरीही मनुष्याची स्मरणशक्ती अल्प असते. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतताना नष्ट झाले व त्यात आपल्या भारताची कन्या कल्पना चावला हिच्यासह सात जण गेले. बाह्य टाकीवरील फेसाचा तुकडा सुटून यानास लागणे हे पूर्वीही अनेकदा घडले होते, आणि तेव्हा काही झाले नाही म्हणून ते अंगवळणी पडले होते. त्या वर्गातील यानांची उड्डाणे २०११ साली थांबली तोवर १३५ झाली व त्यांत दोन याने गेली. लाखात एक म्हणणारे व शंभरात एक म्हणणारे यांपैकी कोण सत्याच्या जवळ होते, हे आता सहावीतील विद्यार्थीही सांगू शकेल.

हा विषय अमेरिकेपुरता नाही. आपल्या देशाच्या पीएसएलव्ही या अग्निबाणाचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी अयशस्वी झाले, त्यात नियंत्रणाच्या आज्ञावलीतील एक चूक कारणीभूत होती. आपल्या शास्त्रज्ञांनी ती शोधली, सुधारली आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजी दुसरे उड्डाण यशस्वी केले. आणखी जवळ येऊ. शिरूरहून फार दूर नसलेल्या, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘शियापरेली’ नावाचे यान मंगळावर उतरत असता त्याचा क्षीण संदेश या दुर्बिणीने ऐकला. आणि उतरण्याच्या थोडेच आधी तो एकाएकी थांबला, हेही येथेच कळले. चौकशीत असे निघाले की, यान हेलकावू लागल्यामुळे एका मापकाची सीमा क्षणभर ओलांडली गेली, त्या चुकीच्या मापावरून आज्ञावलीने उंची काढली ती शून्याहूनही कमी निघाली. म्हणजे यान जमिनीच्या खाली आहे! हे उत्तर अशक्य आहे अशी शंका त्या आज्ञावलीस आली नाही. तिने छत्री सोडून दिली, वेग कमी करणारी यंत्रे लवकरच बंद केली, आणि सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवरून यान मंगळावर आदळले. आपल्या शेजारच्या गावात त्या मौनाची नोंद झाली.

गणितात शेताची लांबी ऋण आली तर विद्यार्थ्याने उत्तराखाली रेघ मारण्यापूर्वी थबकले पाहिजे, असे आम्ही शिक्षक सांगतो तेव्हा ती शिक्षकांची कटकट वाटते. मंगळावर फुटलेले ते यान आमच्या बाजूने साक्ष देईल.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या या शाळेतून निघालेली मुले-मुली आज पुण्यास जाऊन अभियंते होत आहेत. त्यांपैकी कोणी मोटारीची आज्ञावली लिहील, कोणी रुग्णालयातील यंत्राची, कोणी कदाचित आकाशयानाचीही. आणि कोणाच्या वाट्यास दुसऱ्याने लिहिलेले तपासण्याचे काम येईल. हे दुसरे काम हलके समजू नये. त्यात वाहवा थोडी व रोष अधिक. ते नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कोणी हार घालीत नाही. अशा कामास लागणारे धैर्य एका दिवसात येत नाही. घरी मुलाने आपल्या हिशेबातील चूक दाखवून दिली असता त्यास उद्धट म्हणून गप्प न करता, पेन्सिल त्याच्या हाती देऊन ती चूक त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी. मेलव्हिल फाइनमन नावाच्या एका गणवेशविक्याने आपल्या मुलासाठी एवढेच केले होते.